भिंगमावशी आणि राखुंडीची खेळणी

भिंगमावशींना कुणी फूल दिलं, तर त्या आधी ते उलटं करून देठ बघायच्या. दूधवाल्यानं हसून विचारपूस केली, की आज दुधात पाणी जास्त आहे असं धरून चालायच्या. दार वाजलं तर ‘कोण आहे’ असं न विचारता ‘काय काम आहे’ असं विचारायच्या, आणि उत्तर मिळालं तरी साखळी काढण्याआधी फटीतून येणाऱ्याचे बूट बघायच्या. तोंड काय, कसंही करता येतं. बुटांना सोंग आणता येत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. त्यांचे यजमान हयात होते तेव्हा चारचौघांत सांगायचे, “लग्नाआधी हिनं मला उजेडासमोर धरून बघितलं होतं.” मावशी त्यावर हसायच्या नाहीत, कारण ते जवळजवळ खरंच होतं.

पण त्यांना बोल लावून उपयोग नाही. उभं आयुष्य त्यांनी कापडाच्या गिरणीत तपासणी खात्यात काढलं होतं. खालून उजेड सोडलेल्या काचेच्या टेबलावरून थान पुढे सरकत राहायचं आणि मावशींनी त्यातली खोट हुडकायची. तुटलेला धागा, सुटलेली वीण, तेलाचा डाग. सापडली की तिथं लाल खडूची फुली, आणि तोंडानं एकच शब्द, “नापास.” मागावरची दांडगी माणसंसुद्धा त्यांना टरकून असत. ज्या बाईला चांगलं बघण्याचा पगार कधी मिळालाच नाही, वाईट शोधण्याचाच मिळाला, तिची नजर आणखी कशी होणार?

भिंगमावशी हे नाव गिरणीतलंच. त्यांच्या गळ्यात काळ्या दोरीला एक भिंग असायचं. काच जाड, मूठ काळी, आणि बोटं घसरू नयेत म्हणून मुठीवर पाडलेल्या बारीक आडव्या खाचा. काम सुटलं, पण भिंग काही सुटलं नाही. बाजारात तांदूळ घेताना, औषधाच्या पट्टीवरची तारीख वाचताना, शेजारणीनं आणून दिलेल्या वाटीत झुरळाचा पाय तर नाही ना हे बघताना, भिंग वर यायचं आणि अंगठा आपोआप त्या खाचांत जाऊन बसायचा. शेजारणीनं मग वाटी आणणं बंद केलं. मावशी म्हणाल्या, “बघा, होतंच काहीतरी.”

मुलगा मालट्रकवर होता. महिन्यातले बरेच दिवस रस्त्यावर. त्याचं लग्न ठरलं, सून कोण, कुठली याची मावशींनी यथासांग चौकशी केली आणि नाइलाजानं पास केली. लग्नाच्या आधी एकदा सून फोनवर मुलाशी बोलताना मावशींच्या कानावर आलं, “आणि माझी चिंचिला पण येणार हं माझ्याबरोबर.” मावशींना वाटलं, पोरीला झाडांची हौस आहे, चिंचेचं रोप आणतेय कुंडीतून. त्यांनी मोठ्या मनानं गॅलरीत उन्हाचा कोपरा रिकामा करून ठेवला. आणि घरात आला तो कपाटाएवढा पिंजरा.

“अगं, चिंच कुठाय?” मावशींनी विचारलं.

“आई, हीच चिंचिला.”

मावशींनी वाकून पाहिलं. राखाडी रंगाचा लोकरीचा गोळा, मोठाले कान, मिशा, आणि काळे टपोरे डोळे.

“हा उंदीर आहे.”

“उंदीर नाही हो आई. चिंचिला वेगळी असते.”

“शेपटीला केस फुटले म्हणून उंदराचं काही वेगळं होत नाही.”

पहिले काही दिवस मावशींनी पिंजऱ्याकडे पाठ म्हणून केली नाही. प्रेमानं नव्हे, पाठ केली की हा प्राणी काहीतरी करणार या खात्रीनं. त्या प्राण्यानं काहीच केलं नाही. दिवसभर झोपला, संध्याकाळी उठून बारीक धुळीच्या भांड्यात लोळला आणि वाळलं गवत चघळत बसला. पाण्याची आंघोळ हिला चालत नाही, धुळीचीच लागते, हे ऐकून मावशींना वाटलं, सून आपली फिरकी घेतेय. मग सून म्हणाली की हिच्या कातडीतल्या एकेका मुळातून केसांचा झुपकाच्या झुपका उगवतो, पन्नास-साठ केसांचा. आता मात्र मावशींना राहवलं नाही. थापेलाही काही मर्यादा असते. त्यांनी भिंग काढलं आणि सुनेच्या हातातल्या त्या प्राण्यावर वाकल्या.

बराच वेळ वाकूनच राहिल्या. इतकी दाट, इतकी सारखी वीण त्यांनी गिरणीत कधी पाहिली नव्हती. फुंकर मारली तर केस बाजूला होऊन पुन्हा जागच्या जागी येत. कुठे विरळ नाही, कुठे गाठ नाही, रंगाला पट्टा नाही.

“खोट नाही,” मावशी म्हणाल्या.

सुनेला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. तिला कुठे ठाऊक होतं की या बाईच्या तोंडून हे शब्द ऐकायला मागावरची माणसं जन्मभर वाट बघत बसली होती. त्या दिवसापासून प्राणी मावशींचा झाला. रंग राखेचा, आंघोळ धुळीची आणि सगळा कारभार दातांचा, म्हणून त्यांनी तिचं नाव ठेवलं राखुंडी. सुनेनं आधी ठेवलेलं नाव पुढे सुनेलाही आठवेना.

दातांचा कारभार म्हणजे काय, ते सांगायला हवं. चिंचिलाचे दात जन्मभर वाढतच राहतात. कुरतडायला काही मिळालं नाही तर ते वाकडेतिकडे वाढून तिचं खाणं बंद पडतं. आणि कुरतडायला भलतंच मिळालं तर आणखी पंचाईत, कारण हिला ओकता येत नाही. पोटात गेलं ते गेलं. सून औषधांच्या दुकानात कामाला होती, रोज सकाळी निघताना बजावून जायची, “आई, रंग लावलेलं नको, गोंदानं चिकटवलेलं नको, रबर-प्लॅस्टिक तर अजिबातच नको.” मावशींना हे सांगणं म्हणजे पोलिसाला चोर दाखवण्यासारखं होतं. उरलेल्या आयुष्याचं काय करायचं हा प्रश्नच मिटला. राखुंडीची खेळणी तपासायची.

प्राण्यांच्या वस्तू विकणाऱ्या दुकानात मावशी पहिल्यांदा शिरल्या तेव्हा दुकानदार उठून उभा राहिला. दुसऱ्यांदा शिरल्या तेव्हा तो मागच्या खोलीत गेला. लाकडी पूल, गवताचे चेंडू, साखळीला ओवलेले ठोकळे, सगळं मावशींनी हुंगलं, नखानं खरवडलं, भिंगाखाली घातलं.

“हे हिरवं कशानं रंगवलंय?”

“नैसर्गिक रंग आहे, मावशी. लिहिलंय वर.”

“लिहायला काय जातंय? पाणी आण.”

दुकानदारानं पाणी आणलं. मावशींनी ठोकळा त्यात बुडवला आणि पाणी हिरवं व्हायची वाट बघत तिथंच स्टुलावर बसल्या. तेवढ्यात दोन गिऱ्हाइकं दारातून परत गेली. पाणी हिरवं झालं. मावशींचा चेहरा लख्ख उजळला.

असं करत करत त्यांनी दुकानातलं फडताळच्या फडताळ बाद केलं. सुती दोरीचा झोका बाद, कारण धागे सुटतात आणि पोटात जाऊन गाठ होते. जाळीचं पळायचं चाक बाद, कारण गजांत पाय अडकतो. चाक हवं तर सलग पाट्याचं हवं. चेंडूतल्या घुंगरानं तर मावशी चक्क घाबरल्या. ज्याच्या पोटात काय आहे ते दिसत नाही अशी वस्तू त्यांनी माणसांतही कधी घरात घेतली नव्हती. यातलं बहुतेक खरंच होतं, हे आपण कबूल करू. मावशींचं चुकायचं ते एवढंच, की बाद करताना त्यांना जो आनंद व्हायचा, तो पास करताना व्हायचा नाही.

म्हणून मग खेळणी यायची ती एकाच ठिकाणाहून, व्याह्यांकडून.

सुनेचे वडील सुतार होते. जिने आणि कठडे करायचे. कानावर पेन्सिल, केसांत भुसा, आणि तोंडाची टकळी अखंड चालू. विसराळू तर इतके, की कानावरची पेन्सिल शोधत घरभर फिरायचे. राखुंडी त्यांच्याच घरात लहानाची मोठी झाली होती. पिंजरा त्यांनी केलेला, सलग पाट्याचं चाक त्यांनी केलेलं, आणि सफरचंदाच्या वाळल्या लाकडाचे ठोकळे तासून तेच आणून द्यायचे. मावशी चहा ठेवायच्या, गोड बोलायच्या आणि ते गेल्यावर प्रत्येक ठोकळा भिंगाखाली घालायच्या. कुठे काही सापडायचं नाही. त्यामुळे संशय आणखीच वाढायचा.

आणि संशयाला कारणही होतं. जाताना व्याही दरवेळी पिंजऱ्यासमोर उकिडवे बसायचे आणि म्हणायचे, “काय गं, येतेस का घरी?” थट्टाच ती. पण मावशींच्या मनात शंकेची पाल चुकचुकायची. पोरगी दिली ती दिली, वर हिला कशाला, असं यांच्या मनात असणारच. एवढे ठोकळे तासून आणतात, ते काय उगीच?

दुपार मात्र मावशींची आणि राखुंडीची असायची. मुलगा रस्त्यावर, सून दुकानात. मावशी खोलीची दारं-खिडक्या लावायच्या, विजेच्या वायरी उचलून खुर्चीवर ठेवायच्या, कोपरान् कोपरा बघायच्या आणि मग पिंजरा उघडायच्या. राखुंडी भिंतीला पाय मारत दोन-चार उड्या घ्यायची आणि एखादी काडी तोंडात धरून मावशींच्या मांडीवर येऊन बसायची. कुटकुट, कुटकुट. त्या आवाजावर मावशींना डुलकी लागायची. नवरा गेल्यापासून दुपारची झोप त्यांना कधी लागली नव्हती. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं की लोक त्याचा फायदा घेतात.

एका संध्याकाळी मावशी स्वयंपाकघरात होत्या आणि बाहेर सून फोनवर बोलत होती. “बाबा, थोडे दिवस तिकडेच आणू का हिला? इथे दुकानातून आणलेलं काही टिकतच नाही. आई सगळं काढून टाकतात. बारीक झाली हो.”

 गॅस बंद करून मावशी तशाच उभ्या राहिल्या. राखुंडी गेली तर दुपारभर या घरात भिंतींशिवाय आहे काय? आणि एकदा गेलेली वस्तू कुणी परत देतं का? थोडे दिवस म्हणे. कुठेतरी पाणी मुरतंय, हे त्यांना आधीपासून वाटतच होतं. आता ते त्यांना दिसायलाही लागलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः व्याह्यांना फोन लावला. आपण काही कमी करत नाही हे दाखवून द्यायचं होतं.

“व्याहीबुवा, मला राखुंडीसाठी लाकूड पाहिजे. पण कच्चं पाहिजे.”

“कच्चं?” व्याही जरा थांबले. “कच्चं कशाला, विहीणबाई? मी देतो ते चांगलं असतं.”

“ते मला माहीत आहे कसं असतं. मला कच्चंच पाहिजे. अगदी पूर्ण कच्चं. काहीही न केलेलं.”

“बरं बाबा. कच्चं तर कच्चं.”

आता इथं झालं काय, ते नीट बघा. गिरणीत कच्चं कापड म्हणजे मागावरून उतरलेलं, रंग नाही, धुलाई नाही, असं. मावशींना म्हणायचं होतं, पॉलिश नको, तेल नको, कसला हात मारलेला नको. आणि सुताराच्या तोंडी कच्चं लाकूड म्हणजे ओलं, झाडावरून नुकतं उतरवलेलं, न वाळलेलं. व्याह्यांनी डोकं खाजवलं, ओळखीच्या बागेत पाडलेल्या सफरचंदाच्या झाडाच्या ताज्या, रसरशीत फांद्या तोडल्या आणि सालीसकट आणून दिल्या. विहीणबाई एवढं ठासून सांगतायत म्हणजे त्यांनी कुठेतरी वाचलं असणार, असं त्यांना वाटलं. दोघंही आपापल्या जागी शंभर टक्के बरोबर होते.

मावशींनी फांद्या हुंगल्या. रंगाचा वास नाही, तेलाचा नाही. खरवडल्या. पास केल्या. लाल खडू मनातल्या मनात खाली ठेवला.

काही दिवसांनी सालीखाली पांढरं दिसलं. भिंगाखाली ते आणखी पांढरं दिसलं, लोकरीसारखं. बुरशी. मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण खरं सांगायचं तर त्या आगीत थोडं समाधानही होतं. सापडलं एकदाचं!

“व्याहीबुवा, विष पाठवलंत तुम्ही!” त्या फोनवर कडाडल्या.

“अहो पण विहीणबाई, तुम्हीच तर कच्चं...”

“मला सांगू नका! सगळं ठाऊक आहे मला तुमच्या मनात काय आहे ते.” आणि फोन ठेवून दिला.

मग त्यांनी पिंजरा रिकामा केला. फांद्या तर काढल्याच, पण व्याह्यांच्या हातचे जुने, वाळलेले ठोकळेही काढले, चाक काढलं, बसायची फळीसुद्धा काढली. सगळं नव्यानं तपासल्याशिवाय आत जाणार नाही, असं त्यांनी सुनेला सांगितलं. सून म्हणाली, “आई, ती कुरतडणार काय?” मावशी म्हणाल्या, “गवत आहे की. आणि माझं लक्ष आहे.”

लक्ष होतंच. दुपारी राखुंडी मांडीवर यायची, आणि कुटकुट चालूच असायची. मावशींना डुलकीत तो आवाज ऐकून बरं वाटायचं. म्हणजे सुताराच्या लाकडावाचून कुणाचं काही अडत नाही तर.

एका सकाळी गवत जसंच्या तसं होतं. राखुंडी कोपऱ्यात अंग चोरून बसली होती. डोळे अर्धवट मिटलेले. बदाम दाखवला तरी मान वळवेना. मावशींनी हाक मारली, मग सुनेला हाक मारली, आणि त्या दुसऱ्या हाकेतच सुनेला सगळं कळलं. दुकानात रजा सांगून तिनं प्रवासाची पेटी काढली आणि दोघी गाडीत बसल्या. वाटेत मावशी एवढंच म्हणाल्या, “सांगत होते मी.”

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी राखुंडीला आत नेलं. बाहेरच्या बाकावर कुत्र्याला घेऊन एक माणूस बसला होता. मावशींनी त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं कुत्रा जवळ ओढला. तेवढ्यात व्याही आले, लेकीचा फोन मिळताच कामावरून तसेच उठून. मावशींनी आधी त्यांचे बूट बघितले. भुशानं माखलेले, एकाची नाडी सुटलेली.

“कशी आहे?” व्याह्यांनी विचारलं.

“जिवंत आहे अजून,” मावशी म्हणाल्या. “तुमच्या मनासारखं झालं. आता घेऊन जा घरी, बरी झाली तर.”

“आई!” सून म्हणाली.

“आई काय? सडकं लाकूड कुणी दिलं? दरवेळी विचारत होते, येतेस का घरी, येतेस का घरी. मला कळत नाही का?”

 व्याही बाकाच्या टोकाला टेकले. “माझंच चुकलं, विहीणबाई,” ते हळूच म्हणाले. “तुम्ही कच्चं म्हणालात, मी ओलं आणलं. आमच्यात कच्चं म्हणजे ओलंच. पुन्हा एकदा विचारायला हवं होतं मी.”

मावशींनी तोंड उघडलं. मग त्यांच्या डोक्यात गिरणीतलं कच्चं कापड आलं आणि तोंड मिटलं. पण हार मानायची त्यांना सवय नव्हती, आणि आत राखुंडी होती. घाबरलेलं माणूस आणि रागावलेलं माणूस बाहेरून सारखंच दिसतं.

डॉक्टरीणबाई एक पांढरी थाळी घेऊन बाहेर आल्या. “लाकडाचा यात काही संबंध नाही. ओलं लाकूड देऊ नका, पण हे त्यामुळे नाही झालं.” थाळीत काळे बारीक कण होते. “हा एक दाढेत अडकलेला सापडला. बाकीचे लेंडीत होते. प्लॅस्टिक आहे. आणखी पोटात असेल. सुईनं पाणी दिलंय, भरवूनही बघतेय; पोट हलायला लागलं तर निभावेल. पिंजऱ्यात काळं काही होतं का?”

“पिंजऱ्यात काहीच नाही,” मावशी ताडकन म्हणाल्या. “मी प्लॅस्टिकचा चमचासुद्धा तिच्या वाऱ्याला उभा राहू देत नाही.”

“चाकाला असेल,” व्याही कपाळ चोळत म्हणाले. “चाक घसरू नये म्हणून खाली काळी पट्टी लावली असेन मी. की नव्हती लावली? आठवत नाही बघा. पण लावली असेन. माझंच काम ते.”

सुनेनं वडिलांकडे पाहिलं. मान जराशी तिरकी, डोळे बारीक. “बाबा, लावली होती का? नीट आठवा.”

मावशींनी ती नजर बघितली आणि त्या चरकल्या. लेक बापाकडे असं बघते का? ही पोरगी घरात आली तेव्हा तिचे डोळे असे नव्हते. हे बघणं कुठलं, कुणाच्या घरातलं, हे ओळखायला त्यांना भिंग लागलं नाही.

तरीही सवयीनं त्यांनी भिंग उचललं आणि थाळीवर धरलं. कण एका बाजूनं चकचकीत, एका बाजूनं घासलेला. घासलेल्या बाजूला बारीक रेघा, एकीशेजारी एक, सारख्या अंतरावर. या रेघा त्यांच्या ओळखीच्या होत्या. डोळ्यांच्या नव्हे, हाताच्या. अंगठा मुठीवरून खाली सरकला, खाचांवरून, टोकाकडे, जिथे तो एरवी कधी जात नसे. तिथं खाचा उरल्याच नव्हत्या. तिथं मूठ खरबरीत होती, तुटकी, दातांनी खाल्लेली.

मावशींनी भिंग उलटं केलं. त्यातून त्यांनी आयुष्यभर जग बघितलं होतं. त्याच्याकडे बघायची वेळ ही पहिलीच.

कुणालाच काही दिसलं नव्हतं. डॉक्टरीणबाई थाळी घेऊन वळल्या होत्या, व्याही अजून पट्टी आठवत होते. गप्प राहिलं असतं तरी चाललं असतं. व्याह्यांनी दोष घेतलाच होता, वर चाकाचं निमित्तही आयतं मिळालं होतं, आणि राखुंडी घरी आली असती. हे सगळं मावशींना एका क्षणात दिसलं. खोट लपवायची कशी, हे खोट शोधणाऱ्याइतकं कुणाला कळणार?

“बाबांकडे असं बघू नकोस,” त्या सुनेला म्हणाल्या. “इकडे बघ.”

त्यांनी गळ्यातली दोरी काढली आणि भिंग व्याह्यांच्या तळहातावर ठेवलं, खाल्लेली बाजू वर करून.

“माझ्या मांडीवर बसून खात होती ती. मी पिंजऱ्यात काही ठेवलंच नाही, मग खाणार काय? आणि मी झोपले होते. आवाज ऐकत झोपले होते.”  “नापास आहे हे. तुमचं लाकूड नव्हे. मी.”

व्याह्यांनी खाल्लेल्या मुठीवरून अंगठा फिरवला आणि भिंग खिशात ठेवलं. 

“बरी झाली की तुमच्याकडेच न्या,” मावशी म्हणाल्या. “माझ्याकडे नको.”

राखुंडी बरी झाली. लगेच नाही, सुनेनं आणि डॉक्टरीणबाईंनी आळीपाळीनं सुईच्या नळीतून भरवलं, आणि मग एकदा तिनं आपणहून गवताची काडी ओढली. व्याही येऊन तिला आणि पिंजऱ्याला घेऊन गेले. मावशींनी दारातून निरोप दिला, आत पाऊल टाकलं आणि पिंजऱ्याच्या जागी भिंतीवर उरलेला चौकोन बघत बसल्या. दुपारी डोळे मिटून पाहिले. झोप येईना. दूधवाला हसला तेव्हा त्यांनी दुधात बघितलंही नाही, आणि दूधवालाच घाबरून सुनेला विचारता झाला, “मावशींची तब्येत बरी आहे ना?”

मग एके दिवशी दार वाजलं. मावशींनी फटीतून बघितलं. भुशाचे बूट, एकाची नाडी सुटलेली. त्यांनी साखळी काढली.

व्याह्यांच्या एका हातात प्रवासाची पेटी होती. “घ्या तुमची राखुंडी. पिंजरा खाली गाडीत आहे. आमच्याकडे नाही निभाव लागायचा हिचा.”

“का? खात नाही?”

“खाते की! सगळंच खाते. परवा माझ्या पटाशीची मूठ खाल्ली. वॉर्निश लावलेली! मी गप्पा मारत होतो, आणि बायको म्हणाली, अहो तुमचं लक्ष कुठंय? आमच्या घरात कुणी काही हुंगत नाही, विहीणबाई. हिला तुमच्यासारखं संशयी माणूस पाहिजे. फक्त त्या माणसानं पिंजऱ्यात चार ठोकळे राहू द्यावेत.”

मावशींनी पेटीला हात लावला नाही. लावला तर डोळ्यांतून पाणी येईल, असं त्यांना वाटत होतं. व्याह्यांनी मग खिसे चाचपले, तीनदा चुकीच्या खिशात हात घातला आणि शेवटी काळी दोरी बाहेर ओढली. तिच्या टोकाला भिंग होतं. काच तीच. मूठ मात्र लाकडाची, फिकट, आणि बोटं घसरू नयेत म्हणून तिच्यावर पाडलेल्या बारीक आडव्या खाचा.

“सफरचंद आहे,” व्याही म्हणाले. “पॉलिश नाही, तेल नाही, गोंद नाही. काच नुसती खाचेत दाबून बसवलीय. आणि हे बघा, वाळलेलं आहे. तुमच्या भाषेत कच्चं, माझ्या भाषेत पक्कं.”

मावशींनी मूठ हुंगली. नखानं खरवडली. मग भिंगाखाली धरून बघावं म्हणून हात गळ्याकडे गेला आणि थबकला, कारण भिंग हातातच होतं. त्यांनी क्षणभर विचार केला, मूठ तोंडात घातली आणि सणसणीत चावा घेतला. व्याही बघतच राहिले.

“बरी आहे,” मावशी म्हणाल्या. “आत या. चहा ठेवते. आधी ती नाडी बांधा.”

त्या दुपारी दारं-खिडक्या लावून, वायरी उचलून, मावशी भिंतीशी बसल्या. पिंजऱ्यात ठोकळे होते, चाक होतं, फळी होती. राखुंडीनं दोन उड्या घेतल्या, मांडीवर आली, ठोकळे-बिकळे सोडून थेट गळ्यातल्या भिंगाची मूठ दोन्ही हातांत धरली आणि कुरतडायला लागली. कुटकुट, कुटकुट. मावशींनी तिला खाऊ दिलं. त्या आवाजावर डोळे जड व्हायला लागले, पण मावशींनी ते मिटले नाहीत.